झांस्कर राफ्टने उतरायची आहे? आधी दिवसांचा हिशेब करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा जणांचा गट, वयं ३० ते ५८, सगळे सह्याद्रीत भरपूर फिरलेले, कोलाडला राफ्टिंग केलेलं. सहापैकी दोघांना पोहता येत नाही. येत्या ऑगस्टमध्ये दहा दिवसांची रजा काढून लडाखमधली झांस्कर नदी पदुमपासून निमूपर्यंत राफ्टने करायची आहे. जमेल का, आणि तयारी काय करायची?

मुंबई-पुण्याहून निघून परत येईपर्यंत दहा दिवसांत ही नदी नीट होत नाही. 'दहा दिवसांत बसवून देतो' म्हणणारे भेटतील. पण ते कात्री लावतात ती दोनच ठिकाणी, लेहमधल्या विश्रांतीच्या दिवसांना आणि पाणी चढलं तर थांबायच्या दिवसाला. या सहलीत बाकी काहीही कापलं तरी चालेल, एवढे दोन नाही. बारा दिवस किमान धरा, तेरा मिळाले तर उत्तम. तेवढी रजा मिळत नसेल तर वेगळा बेत सुचवतो, तो खाली येईलच.

आधी नदी समजून घ्या. पदुमजवळ दोन प्रवाह एकत्र येतात. एक स्तोद, पेन्सी ला खिंडीशेजारच्या द्रांग-द्रुंग हिमनदीकडून येणारा. दुसरा लुंगनाक, जो वर पुर्णे गावाशी त्साराप आणि कुर्गियाख मिळून झालेला असतो. तिथून पुढे ती झांस्कर. पहिला टप्पा रुंद, उघड्या खोऱ्याचा आहे: काठावर करशा, स्तोंगदे, झांगला ही गावं, सातूची शेतं, कड्यावर गोंपा, म्हणजे बौद्ध मठ. झांगला दिसलं की गाइडला थांबायला सांगा. चोमा द कोरोश हा हंगेरियन अभ्यासक १८२३ मध्ये तिथे येऊन राहिला होता आणि त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश १८३४ मध्ये कलकत्त्यात छापला गेला. पिदमोच्या पुढे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात आणि नदी झांस्कर पर्वतरांगेला कापत जाते. न्येरकच्या आसपासची घळ हा या प्रवासाचा गाभा. जांभळ्या, हिरव्या, गेरूच्या रंगाचे थर उभे-आडवे वळलेले, आणि काही ठिकाणी पात्र इतकं अरुंद होतं की एवढं सगळं पाणी त्यातून जातं कसं याचं नवल वाटावं. चिलिंगला मारखा नदी येऊन मिळते आणि निमूला झांस्कर सिंधूला मिळते. संगमावरचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. उन्हाळ्यात तिथे झांस्करचं पाणी सिंधूपेक्षा जास्त असतं, हे फोटोत कळत नाही. एकूण अंतर सव्वाशे ते दीडशे किलोमीटर, राफ्ट कुठून सोडता त्यावर. रॅपिड, म्हणजे पाणी उसळत वेगाने धावतं त्या जागा, बहुतेक ग्रेड ३, घळीत काही ग्रेड ४ (१ सगळ्यात सौम्य, ६ सगळ्यात अवघड).

ग्रेडचा आकडा ऐकून 'मग कोलाडपेक्षा थोडंच जास्त' असं वाटेल, तर तिथे जरा थांबा. कोलाडच्या कुंडलिका नदीत आपण उतरतो ते मुळशी धरणाचं पाणी. वीज तयार करून भिरा-रावळजेकडून ते सोडलं की राफ्टिंग सुरू, बंद केलं की संपलं. त्याला वेळापत्रक आहे, पाणी कोमट आहे, काठावर रस्ता आहे, आणि सगळं दोन तासांत आटोपतं. झांस्करचं पाणी ऊन सोडतं. दिवसभर वर बर्फ वितळतं, ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात, म्हणून एखाद्या मुक्कामी पातळी संध्याकाळी चढते, तर आणखी खालच्या मुक्कामी मध्यरात्रीनंतर. सलग तीन-चार दिवस कडक ऊन पडलं की नदी फुगते, आभाळ आलं की उतरते. आपल्याकडे पाऊस म्हणजे पूर हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे निरभ्र निळं आकाश बघून गाइड चिंतेत पडतो.

मुक्कामाला लागल्यावर एक काम तुम्हीही करा. पाण्याच्या कडेला, बरोबर ओल संपते तिथे, एक काठी रोवा किंवा तीन दगड रचा. जेवणाआधी बघा, झोपण्याआधी बघा, उठल्यावर बघा. दोन दिवसांत तुम्हाला नदीची वेळ कळायला लागते, आणि गाइड सकाळी 'आज नऊला निघू' किंवा 'आज थांबू' का म्हणतो हेही कळतं. पाण्याची आणखी एक गंमत: ते इतकं गाळाचं असतं की राफ्ट शांत पाण्यातून जाताना तळाच्या रबरावर वाळू घासल्याचा बारीक, सतत 'सुस्स' आवाज येतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हमखास वाटतं की राफ्टमधून हवा निघतेय.

पावसाचं म्हणाल तर लडाख पर्जन्यछायेत आहे हे खरं, पण त्यावर विसंबू नका. ५-६ ऑगस्ट २०१०च्या रात्री लेहमध्ये ढगफुटी झाली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. त्या उघड्या डोंगरांवर पाणी धरायला झाड नाही, गवत नाही. थोड्या पावसातही बाजूचे नाले चिखल आणि धोंडे घेऊन येतात. म्हणून नाल्याच्या मुखाशी, कितीही सपाट आणि छान वाळू दिसली तरी, तंबू लावायचा नाही. वरच्या खोऱ्यात काय चाललंय याची चौकशी पदुमलाच करायची. ३१ डिसेंबर २०१४ रोजी फुगताल मठाकडच्या भागात दरड कोसळून त्साराप नदी अडली, मागे मैलोन्‌मैल तळं साचलं आणि ७ मे २०१५ला ते फुटून खालचे पूल वाहून गेले. अशा घटना रोज होत नाहीत, पण या नदीवर 'वर काय चाललंय' हा नेहमीचा प्रश्न आहे आणि पदुममधल्या लोकांना त्याचं उत्तर माहीत असतं.

आता दिवस. विमानाने थेट लेहला उतरलात की तुम्ही दोन-तीन तासांत समुद्रसपाटीवरून साडेतीन हजार मीटरवर येता. हरिश्चंद्रगड दोन तासांत चढणाऱ्यालाही हे चुकत नाही. किंबहुना तंदुरुस्त माणूस पहिल्याच दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला जातो आणि रात्री डोकं धरून बसतो. पहिला दिवस झोपा, पाणी प्या, दारू नको. दुसऱ्या दिवशी बाजारात हळू फिरा. तिसऱ्या दिवशी आसपासचे गोंपा आणि सामानाची तपासणी. डायमॉक्स (उंचीचा त्रास कमी करणारी गोळी) घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरला विचारा. ५८ वर्षांच्या सदस्याला रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर त्यांच्या बाबतीत हे ऐच्छिक नाही. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर तीही डॉक्टरांना आधी सांगा.

चौथ्या दिवशी लेहहून कारगिल, साधारण सव्वादोनशे किलोमीटर. वाटेत ४,१०८ मीटरची फोटू ला, पण झोपायला २,७०० मीटरच्या आतलं कारगिल, त्यामुळे शरीराला बरं पडतं. पाचव्या दिवशी सुरू नदीच्या खोऱ्यातून वर, नुन-कुनची शिखरं बघत रांगदुमला मुक्काम. सहाव्या दिवशी पेन्सी ला ओलांडून पदुम. खिंडीतून थोडं पुढे आलात की द्रांग-द्रुंग हिमनदी समोर पसरलेली दिसते. ज्या पाण्यात उद्या उतरायचं ते इथून निघतं, हे डोळ्यांनी बघून ठेवलेलं बरं. मग नदीवर चार ते पाच दिवस. एक दिवस राखीव. शेवटी लेहमध्ये एक रात्र आणि परतीचं विमान. लेहची बहुतेक विमानं सकाळी उडतात, कारण दुपारी वारा आणि हवेची विरळता दोन्ही वाढतात. सकाळचं विमान रद्द झालं तर पुढचं बहुधा दुसऱ्या दिवशीच. म्हणून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात महत्त्वाची मीटिंग ठेवू नका.

'निमूहून नदीकाठचा रस्ता झालाय ना, मग कारगिलचा वळसा कशाला?' असं तुम्ही विचाराल. रस्ता झालाय खरा. निमूपासून पदुममार्गे हिमाचलमधल्या दारचा गावापर्यंतचा हा सुमारे २९८ किलोमीटरचा रस्ता सीमा रस्ते संघटनेने मार्च २०२४ मध्ये जोडला, आणि शिंकू ला खिंडीखालच्या बोगद्याचा पहिला सुरुंग जुलै २०२४ मध्ये उडाला. त्यामुळे लेह-पदुम एका दिवसात करता येतं. तरी जाताना मी कारगिलवरूनच जा म्हणेन. एक तर नदीकाठचा भाग तुम्ही येताना पाण्यातून बघणारच आहात. दुसरं, रुंदीकरणाचं काम आणि दरडी यामुळे तो रस्ता तासन्‌तास अडू शकतो. तिसरं, कारगिलच्या वाटेने चढ-उतार होत शरीर तयार होतं.

या रस्त्याबद्दल राफ्टिंगच्या लोकांत बरीच हळहळ ऐकू येते. घळीतली शांतता गेली, कड्यावर डंपर दिसतात, सुरुंगाचा राडारोडा पाण्यात येतो आणि त्याने काही ठिकाणी प्रवाहही बदलतो. हे सगळं खरं. पण हिवाळ्यात पेन्सी ला बंद झाल्यावर आजारी माणसाला गोठलेल्या नदीवरून चालवत न्यावं लागायचं, त्या गावांनी हा रस्ता कित्येक वर्षं मागितला होता. चार दिवस येणाऱ्या आपण त्यावर नाक मुरडू नये असं माझं मत आहे. तुमच्या बेताच्या दृष्टीने एवढंच लक्षात ठेवा: रस्ता आहे म्हणजे कुठूनही बाहेर पडता येतं असं नाही. बऱ्याच ठिकाणी तो डोक्यावर शंभर-दोनशे फुटांवर कड्यात कोरलेला आहे आणि मध्ये सुटे दगड आहेत. बाहेर पडण्याच्या नेमक्या जागा कोणत्या, हे गाइडकडून पहिल्याच संध्याकाळी नकाशावर दाखवून घ्या.

महिना ऑगस्टच ठेवा, शक्यतो दुसरा पंधरवडा. जुलैच्या उत्तरार्धात पाणी जोरात असतं आणि ते अनुभवी लोकांसाठी ठीक. सप्टेंबर सुरू झाला की पाणी उतरतं, रंग निळसर होऊ लागतो, पण रात्री आणि सकाळी थंडी झोंबते.

न पोहणाऱ्या दोघांबद्दल स्पष्टच सांगतो. कोलाडला न पोहणारे सर्रास राफ्टमध्ये बसतात, इथे घळीच्या टप्प्यात त्यांना घेऊ नका. लाइफ जॅकेट तरंगवतं हे बरोबर, पण इथे पाण्यात पडल्यावर तरंगणं हा प्रश्नाचा छोटा भाग आहे. बर्फाचं पाणी अंगाला लागताच पहिलं मिनिट श्वासच ताब्यात राहत नाही, धाप लागते. पाण्याला सरावलेला माणूस त्यातून सावरतो. ज्याला मुळात पाण्याची भीती आहे तो त्या मिनिटात पाणी गिळतो. त्यानंतर जेमतेम दहाएक मिनिटं हातपाय धड चालतात, तेवढ्यात राफ्टला किंवा काठाला लागायचं असतं. पोहायच्या तलावात पन्नास मीटर न थांबता जाणं, उताणं होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवून तरंगणं, आणि गाइड ओरडला की पालथं होऊन जीव खाऊन काठाकडे पोहणं, एवढं त्यांना सहा महिन्यांत जमलं तर पुन्हा विचार करू.

बाकी चौघांनाही सराव लागेल. पावसाळ्यानंतर एकदा कोलाडला जा, पण पैसे भरतानाच सांगा की आम्हाला मुद्दाम पाण्यात पडायचंय, राफ्ट उलटवून सरळ करायची आहे, थ्रो बॅगची, म्हणजे पाण्यात पडलेल्याकडे फेकायच्या पिशवीतली, दोरी पकडायची आहे. चांगला गाइड खूष होईल. मग मार्च ते मे मध्ये ऋषिकेशला दोन दिवस काढा. मरीन ड्राइव्ह ते शिवपुरी आणि पुढे, म्हणजे थ्री ब्लाइंड माइस, रोलर कोस्टर, गोल्फ कोर्स हे सगळे रॅपिड भेटतील. गंगेचं वसंतातलं थंड पाणी तुम्हाला झांस्करबद्दल बरंच काही सांगून जाईल. जुलैपासून तिथे पावसाळ्यासाठी राफ्टिंग बंद असतं, त्यामुळे ऑगस्टच्या तोंडावर सराव करू असं ठरवू नका. घरच्या घरी करायचं तर खांदे आणि कंबर यांचा व्यायाम. दिवसाला चार-पाच तास वल्हं मारायचं असतं, आणि दुपारी घळीत समोरून असा वारा सुटतो की सपाट पाण्यावर वल्हं थांबवलं तर राफ्ट उलटी वर जायला लागते. ट्रेकर लोकांचे पाय दणकट असतात, इथे ते नुसते राफ्टमध्ये अडकवायला लागतात.

आयोजक निवडताना वेबसाइटवरचे फोटो बघू नका, फोन करा. किती राफ्ट असतात? एकटी राफ्ट घळीत नेणारा असेल तर तिथेच नमस्कार करा. किमान दोन राफ्ट हव्यात, त्यांपैकी एक सामानाची, आणि सोबत सेफ्टी कयाक, म्हणजे बचावासाठीची एकट्याची छोटी नाव, हवी, जी रॅपिडच्या खाली आधी जाऊन थांबते. मुख्य गाइडने याच नदीवर, याच हंगामात किती वेळा राफ्ट उतरवली आहे? प्रथमोपचार आणि वाहत्या पाण्यातल्या बचावाचं प्रशिक्षण कुणाकडे आहे? ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे असतो, गाडीत की राफ्टवर? आणि माझा आवडता प्रश्न: पाणी जास्त असेल तर काय करता? ज्याने हे काम मनापासून केलंय तो जागांची नावं घेऊन सांगतो, 'पिदमोला थांबतो, सकाळची पातळी बघतो, नाहीच उतरली तर गाडी बोलावून चिलिंगला जातो आणि खालचा टप्पा करतो.' 'काही होत नाही सर, आपली माणसं एक्सपर्ट आहेत' हे उत्तर आलं की दुसरा नंबर लावा. करारात पाण्यामुळे मार्ग बदलला तर पैशांचं काय, हे लिहून घ्या. प्रवासविमा काढताना साहसी खेळ वगळलेत का तेही वाचा, बऱ्याच स्वस्त पॉलिसींत वगळलेले असतात.

संपर्काचा मुद्दा लोक विसरतात. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या. घळीत तेही मुकं होतं. म्हणून कुणी परदेशातल्या नातेवाइकाकडून सॅटेलाइट फोन किंवा गार्मिन इनरीच (उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) मागवायचा विचार करत असेल तर तो आत्ताच सोडा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय अशी यंत्रं भारतात बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांना यावरून पोलिसांनी अडवलं होतं, आणि लडाख तर सीमेचा भाग. आयोजकाकडे आणीबाणीची रीतसर सोय काय आहे ते विचारा आणि घरच्यांना सांगून ठेवा की चार-पाच दिवस फोन लागणार नाही, पोलिसांत जाऊ नका.

सामानात वेटसूट, स्प्लॅश जॅकेट, हेल्मेट, लाइफ जॅकेट आयोजक देतो. लेहमध्येच घालून बघा, विशेषतः वेटसूट, कारण मापात चुकलेला वेटसूट पाणी आत खेळवतो. पायात चपला नकोत, पायाला घट्ट बसणारे, ओले झाले तरी चालणारे बूट आणि लोकरीचे मोजे. मुक्कामासाठीचे कोरडे कपडे वेगळ्या ड्राय बॅगेत, आणि ती बॅग दिवसा उघडायची नाही. सुती काही नको. चष्मा असेल तर दोरी. तिथलं ऊन भाजून काढतं आणि पाण्यावरून परत उसळतं, त्यामुळे नाकाच्या खालच्या बाजूलाही सनस्क्रीन लावा. सगळ्यात नकोसा क्षण म्हणजे सकाळी सात वाजता, घळीत ऊन पोचायच्या आधी, रात्रभर थिजलेल्या ओल्या वेटसूटमध्ये पाय घालणं. त्यावर उपाय एकच: आदल्या दिवशी मुक्कामाला पोचल्या पोचल्या तो उलटा करून तापलेल्या दगडावर पसरा. जेवणाची काळजी करू नका, स्वयंपाकी सोबत असतो. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं मात्र न्या, उंचीवर भूक मरते तेव्हा तेच कामाला येतं.

घळीत तंबू लावण्याजोगी वाळू थोडीच आहे आणि हंगामात प्रत्येक गट तिथेच उतरतो. त्यामुळे शौचाची सोय पेटीत करून ती परत नेणारा आयोजक मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या. मिळाला नाही तर निदान टिश्यू आणि ओले वाइप्स वाळूत पुरू नका, ते त्या कोरड्या हवेत कुजत नाहीत.

आता पर्यायी बेत. रजा दहाच दिवसांची राहिली, किंवा ते दोघं तोवर पोहायला शिकले नाहीत, तर लेहमध्ये तीन दिवस द्या, मग कारगिलमार्गे गाडीने पदुम, तिथे दोन दिवस करशा, झांगला आणि फुगतालची पायवाट, परतताना नदीकाठच्या रस्त्याने घळ बघत खाली, आणि शेवटी चिलिंग ते निमू हा सुमारे २८ किलोमीटरचा एका दिवसाचा टप्पा राफ्टने. ग्रेड ३ चे रॅपिड त्यातही आहेत. न पोहणाऱ्यांना तोही जड वाटला तर सिंधूवर फे ते निमू हा सौम्य टप्पा आहे, आणि दोन्ही राफ्ट संगमावर एकाच सुमारास पोचतील असं आयोजकाला जुळवता येतं. सहा जणांचं यावर एकमत व्हायला वेळ लागेल, पण चांगल्या गाइडचे ऑगस्टचे दिवस हिवाळ्यातच भरायला लागतात. तेव्हा जानेवारीपर्यंत बारा दिवस की दहा, एवढं नक्की करून टाका.